कॉपी केलेला मजकूर राहतो कुठे?
लिनक्सच्या एक्स ११ पद्धतीत कॉपी केलेला मजकूर सामायिक जागेत साठत नाही. तो मूळ प्रोग्रॅमकडेच राहतो आणि पेस्ट करताना त्याच्याकडून मागवला जातो. म्हणूनच टेक्स्ट एडिटर बंद केला की कॉपी केलेला परिच्छेदही बऱ्याचदा हातचा जातो. पार्सेलाइट किंवा केडीई डेस्कटॉपमधला क्लिपर यांसारखा क्लिपबोर्ड मॅनेजर तो लगेच स्वतःकडे घेतो, शिवाय आधीच्या नोंदीही जपतो. त्यामुळे क्लिपबोर्ड मॅनेजरला चैन म्हणणं मला पटत नाही. त्यात पासवर्डही साठतील, हा आक्षेप मात्र रास्त आहे. कीपासएक्ससी हे पासवर्ड जपणारं ॲप पासवर्ड कॉपी करताना ‘हे गोपनीय’ अशी खूण सोबत देतं आणि क्लिपर ती पाळतो. पण प्रत्येक क्लिपबोर्ड मॅनेजर ती ओळखेलच असं नाही. अशा वेळी नोंदी डिस्कवर जतन करण्याचा पर्याय बंदच ठेवावा.