तिसऱ्या नटाशी

पेरणी तोंडावर आलेली असताना "इंजिन खोलावं लागेल" हे ऐकलं की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. आमच्या जुन्या तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरबद्दल हेच ऐकायला मिळालं. सकाळी चालू केला की तो खडखडायचा, सगळं बोनेट थरथरायचं. नांगर टेकवला की दम सोडायचा आणि मागे धुराचा लोट. रिंगा गेल्या, हाफ इंजिनचं काम काढा, असं एका मिस्त्रीनं सांगूनही टाकलं.

दुसरे मिस्त्री आले, त्यांनी पान्ह्यांची पेटी उघडलीच नाही. इंजिन गार आहे ना, एवढं हात लावून पाहिलं, चालू करायला सांगितलं आणि सायलेन्सरकडे बघत उभे राहिले.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला सोळा-सतरा पटींनी दाबतो, ती 500 अंशांच्या वर तापते आणि त्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक तुषार सुटला की आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलनं हे 1897 साली आउग्सबुर्गला यशस्वीपणे चालवून दाखवलं. हवा, दाब आणि वेळेवर सुटलेला तुषार यांतलं काय बिघडलं, ते धूर सांगतो. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. मळणीच्या दिवसांत भुशानं एअर क्लीनर तुंबला तरी तो येतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजलेत. पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर म्हणजे डिझेल न पेटताच बाहेर पडतंय. थंडीत चालू केल्यावर मिनिटभर तो येणारच. रेडिएटरचं पाणी घटत असेल, तर मात्र ती वाफ असते आणि संशय हेड गॅस्केटवर जातो.

आमचा धूर पांढरा होता, इंजिन तापल्यावरही जात नव्हता. अधूनमधून निळी झाकही होती.

मग पान्हा निघाला, तोही एकच. इंजिन स्लो रेसवर ठेवून मिस्त्रींनी पहिल्या नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल केला. डिझेल पाझरलं, आवाज पडला. म्हणजे तो सिलिंडर कामाचा. नट आवळला, दुसरा सैल केला, आवाज पुन्हा पडला. तिसरा सैल केला, काहीच फरक नाही. तीन बैलांतला एक नुसता जुवाला बांधलेला होता! हे करताना नटावर चिंधी होती आणि मिस्त्रींचं तोंड बाजूला. पाइपातल्या डिझेलची दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच घडीला दवाखाना गाठावा लागतो.

मला सर्वांत आवडली ती पुढची पायरी. तिसरा नोझल काढून पहिल्या जागी बसवला आणि पहिला तिसऱ्यात, खाली तांब्याचे नवे वॉशर घालून. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा दाब तपासायचा. दोष पहिल्या सिलिंडरात सरकला. हाफ इंजिनचा खर्च तिथेच टळला.

नोझल तालुक्याच्या पंपवाल्याकडे नेला. बॉशनं डिझेल पंपांचं नियमित उत्पादन 1927 साली सुरू केलं. आपल्याकडे 1951 मध्ये बंगळूरला असे पंप बनवणारी 'मायको' उभी राहिली, आणि आजही कित्येक मिस्त्री 'मायको पंप'च म्हणतात. हातपंपावर चढवलेला चांगला नोझल कुरकुरतो आणि धुक्यासारखा फवारा देतो. आमचा नुसता थेंब गाळत होता. आतल्या सुईचं टोक गंजलं होतं. कारण आमच्याच घरात होतं: डिझेलच्या ड्रमात साचलेलं पाणी आणि दोन हंगाम न बदललेला फिल्टर.

नवा नोझल बसला, फिल्टर बदलला, एअर काढली. डिझेलमधलं पाणी साचतं तो बाऊल रोज सकाळी रिकामा करायची सवय आता मुलालाही लावलीय. निळी झाक अजून आहे. रिंगांकडे पुढच्या उन्हाळ्यात बघू.

जाण्याआधी मिस्त्रींनी तिसरा नट पुन्हा किंचित सैल केला. या वेळी आवाज पडला.