हात मोकळे, पण लक्ष कुठे?

फोन हातात न धरता ब्लूटूथवर बोलले की गाडी चालवताना धोका राहत नाही, असा अनेकांचा समज असतो. कायद्याचा रोखही मुख्यतः हातातल्या फोनवर आहे. २०१९ मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार गाडी चालवताना हातात फोन घेऊन वापरल्यास पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघाताचा धोका मात्र केवळ हात अडकल्याने वाढत नाही. लक्ष अडकल्यानेही वाढतो.

कॅनडातील टोरांटो येथे अपघात झालेल्या ६९९ वाहनचालकांच्या फोन कॉलच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट आढळला. हात मोकळे ठेवणारे फोन अधिक सुरक्षित असल्याचे त्यात दिसले नाही.

दिसते, पण उमगत नाही

याचे कारण मेंदूच्या कामकाजात आहे. लक्ष देण्याची मेंदूची क्षमता मर्यादित असते. संभाषण समजून घेणे, उत्तर जुळवणे आणि रस्ता पाहणे ही कामे त्याच क्षमतेवर चालतात. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम वाहनचालन यंत्रावर प्रयोग केले. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकावर पडूनही तो नंतर त्यांना कमी आठवत होता. फलकाच्या जागी रस्ता ओलांडणारे मूल असेल, तर काय होईल हे सांगायला नको.

मग शेजारी बसलेल्याशी बोलणे तितकेच धोक्याचे का नसते? कारण त्यालाही रस्ता दिसतो. समोर गर्दी झाली की तो गप्प होतो, कधी ‘सांभाळ’ म्हणतो. फोनवरच्या माणसाला यातले काहीच दिसत नाही.

मेसेज वाचताना तर नजरही रस्त्यावरून हटते. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी पाच सेकंदांत सुमारे ११० मीटर जाते. दुचाकीवर भर पडते ती खांदा आणि कानात फोन दाबून बोलण्याची. मान वाकडी, आरशाकडे दुर्लक्ष आणि खड्डा आला की तोल जाण्याची भीती.

काय करावे?

- निघण्यापूर्वी नकाशा लावून घ्यावा आणि फोन सायलेंट करावा किंवा ‘ड्रायव्हिंग मोड’वर ठेवावा.
- बोलणे अगदी गरजेचे असेल, तर सुरक्षित जागी थांबावे. महामार्गाच्या कडेला गाडी उभी करू नये.
- बोलणे संपताच लक्ष लगेच पूर्ववत होत नाही. गाडीतील आवाजी आज्ञांच्या यंत्रणांवर २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात हा परिणाम २७ सेकंदांपर्यंत टिकल्याचे आढळले. त्यामुळे फोन ठेवल्यावर थोडे थांबूनच निघावे.

जबाबदारी फोन करणाऱ्याचीही आहे. ‘कुठपर्यंत आलास?’ हा प्रश्न काळजीपोटीच विचारला जातो. पण समोरचा गाडी चालवत असेल, तर तोच प्रश्न त्याचे लक्ष रस्त्यावरून काढून घेतो. म्हणून पहिला प्रश्न ‘गाडी चालवतोयस का?’ हा असावा. उत्तर ‘हो’ आले, तर ‘पोचलास की कर’ एवढे सांगून फोन ठेवावा.