संकटातला फोन, लेखांक ६ : नियंत्रण कक्षातला खासगी मोबाइल

आपत्कालीन नियंत्रण कक्षात ड्यूटीवरच्या माणसाला खासगी मोबाइल वापरू द्यावा की नाही, हे ठरवण्याआधी तिथे नेमके काय काम चालते ते पाहावे लागते. नायगाव तालुक्यात नरसीच्या चौरस्त्यावर रात्री अपघात झाला आणि कोणी ११२ लावला, तर तो फोन नायगावच्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईच्या मुख्य प्रतिसाद केंद्रात जातो. दुसरे केंद्र नागपूरला आहे. तिथला कर्मचारी फोन करणाऱ्याला विचारत विचारत घटनेची नोंद भरतो. ती नोंद नांदेडच्या जिल्हा नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर उमटते. तिथे बसलेला पोलीस, म्हणजे डिस्पॅचर, जवळची गाडी कोणती ते नकाशावर पाहतो आणि गाडीतल्या टॅबवर काम पाठवतो. रुग्णवाहिका हवी असेल तर रस्ता वेगळा. २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेल्या १०८ सेवेचे केंद्र पुण्यात औंधला आहे आणि नायगावची गाडीही तिथूनच हलवली जाते. फोन करणारा आणि मदत यांच्यामध्ये अशा एक-दोन खुर्च्या असतात. त्या खुर्चीवरच्या माणसाला समोरचा प्रसंग दिसत नाही. त्याच्याकडे फक्त कान आणि पडदा असतो.

या कामातली पहिली अडचण पत्त्याची, आणि नायगावच्या बाबतीत ती चांगलीच मोठी आहे. मुंबईत दादरजवळ नायगाव आहे आणि तिथे पोलिसांचीच मोठी वसाहत व मैदान आहे. वसईजवळ नायगाव नावाचे रेल्वे स्थानक आहे. साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातले नायगाव सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव म्हणून राज्याला माहीत आहे. नांदेडचे नायगाव कागदोपत्री नायगाव (खैरगाव) असे लिहितात, पण जखमी माणसाशेजारी उभा असलेला कोणी कंसातले नाव सांगत बसत नाही. मोबाइल टॉवरवरून ठिकाणाचा अंदाज येतो, जिल्ह्याचा घोळ बहुतेक वेळा त्यातून सुटतो. मात्र ग्रामीण भागात टॉवर लांब लांब असतात आणि त्यांचा अंदाज शिवाराच्या शिवाराला कवेत घेतो. मांजरमचा रस्ता की बरबड्याचा, पुलाच्या अलीकडे की पलीकडे, हे विचारूनच काढावे लागते. तेलंगणाची हद्द जवळ असल्याने बोलण्यात मराठवाडी मराठीबरोबर तेलुगू आणि दखनी मिसळलेली असते, आणि ऐकणारा असतो नवी मुंबईत. एखादे अक्षर निसटले तर गाडी दुसऱ्याच फाट्याला जाऊन थांबते.

म्हणून व्यत्यय किती वेळाचा होता यापेक्षा तो कोणत्या क्षणी आला याला इथे महत्त्व आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील एरिक ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ठरावीक क्रमाने पायऱ्या ओलांडण्याचे काम दिले होते. मध्येच सरासरी २.८ सेकंदांचा व्यत्यय आणला, तर क्रम चुकण्याचे प्रमाण दुप्पट झाले. व्यत्यय ४.४ सेकंदांचा केला, तर ते तिप्पट झाले. मोबाइलवर आलेल्या संदेशाची पहिली ओळ वाचायला साधारण एवढाच वेळ लागतो. फोन घेणाऱ्याचे कामही पायऱ्यांचेच आहे : ठिकाण, काय झाले, किती जण, श्वास चालू आहे का, फोनचा नंबर. यातली एक पायरी गळली तर त्याला स्वतःला ते जाणवतही नाही, कारण पुढचा प्रश्न तोंडी तयारच असतो. २०१५ मधल्या आणखी एका अमेरिकी अभ्यासात मोबाइल हातात न घेताही, नुसत्या सूचनेच्या आवाजाने किंवा थरथरीने एकाग्रतेचे काम बिघडल्याचे दिसले. मोबाइल खिशात आहे पण मी बघत नाही, हा बचाव त्यामुळे पुरेसा ठरत नाही.

डिस्पॅचरच्या खुर्चीवरचा मोबाइल किती महाग पडू शकतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण रेल्वेचे आहे. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी जर्मनीत बवेरियातल्या बाड आयब्लिंगजवळ एकेरी मार्गावर दोन प्रवासी गाड्या समोरासमोर धडकल्या. १२ जणांचा जीव गेला, ८० हून अधिक जखमी झाले. गाड्या सोडणारा कर्मचारी ड्यूटीवर मोबाइलवर खेळ खेळत होता, हे न्यायालयात सिद्ध झाले आणि त्यानेही ते नाकारले नाही. त्याने वेळापत्रक वाचताना गफलत केली आणि बंद असलेला मार्ग विशेष सिग्नलने खुला केला. चूक लक्षात आल्यावर त्याने धोक्याचा संदेश पाठवला, पण घाईत चुकीचे बटण दाबले गेले. संदेश गाडीचालकांकडे न जाता दुसरीकडेच गेला. डिसेंबर २०१६ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. ड्यूटीवर खासगी मोबाइल वापरायचा नाही असा नियम तिथे आधीपासून होता. नियम भिंतीवर होता आणि कंटाळवाणे तास खुर्चीवर होते. नियमाने त्या तासांचे काही केले नव्हते.

न्यूयॉर्कचा प्रसंग याहून चमत्कारिक आहे. ८ ऑगस्ट २००९ रोजी हडसन नदीवर एक छोटे विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ९ जण मरण पावले. टेटरबरो विमानतळाचा नियंत्रक त्या मिनिटांत कामाशी संबंध नसलेल्या गप्पा फोनवर मारत होता, आणि वैमानिकाने रेडिओची वारंवारिता चुकीची उच्चारली ते त्याच्या कानातून सुटले. तो फोन कार्यालयाचा होता. मोबाइल काढून घेतल्याने प्रश्न मिटतो असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग बारकाईने वाचायला हवा.

आता दुसरी बाजू. नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या हातात मोबाइल दिसला की तो रील पाहतोय असे बाहेरच्याला वाटते, आणि कधी कधी ते खरेही असते. पण जिल्हा पातळीवरच्या पोलिसी कामात खासगी मोबाइल हेच अर्धे कार्यालय झाले आहे. पोलीस ठाण्यांचे व्हॉट्सॲप गट, बीट अंमलदाराचा नंबर, पोलीस पाटलाचा नंबर, पुलावर पाणी आल्याचा गावातून आलेला फोटो, हे सगळे कर्मचाऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनमध्ये साठलेले असते. गाडीतल्या टॅबला नेटवर्क मिळेना की डिस्पॅचर चालकाला थेट फोन लावतो. शासनानेही हे गृहीतच धरले आहे. सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्ये कार्यालयीन वेळेतील मोबाइल वापराबद्दल परिपत्रक काढले. त्यात शक्यतो दूरध्वनी वापरावा, खासगी फोन बाहेर जाऊन घ्यावा, हळू आवाजात बोलावे असे सांगितले; आणि दौऱ्यावर असताना मोबाइल बंद ठेवू नये, असेही सांगितले. तहसील कचेरीसाठी ते ठीक आहे. हेडसेट लावून बसलेल्या माणसाला मात्र बाहेर जाऊन फोन घ्या हे सांगून उपयोग नाही, कारण तो बाहेर गेला की खुर्ची रिकामी होते.

या अर्ध्या कार्यालयाची एक किंमत आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ११२ वरचे संभाषण ध्वनिमुद्रित होते, त्याची वेळ नोंदली जाते. गाडी केव्हा पाठवली, केव्हा पोचली, याचा माग राहतो. तेच काम खासगी फोनवरून झाले की माग संपतो. पुढे उशीर का झाला अशी चौकशी लागली, तर डिस्पॅचरने पाचव्या मिनिटाला चालकाला फोन केला होता हे त्याला स्वतःच्या कॉल यादीवरून सिद्ध करत बसावे लागते; त्यात तो काय बोलला हे कुठेच नसते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. सरकारी यंत्रणेतल्या ध्वनिमुद्रणाला ते सहज जोडता येते. कर्मचाऱ्याच्या खासगी फोनच्या बाबतीत तो फोनच जमा करून घेण्याची वेळ येते. गोपनीयतेचाही प्रश्न आहे. पडद्यावर पीडितेचे नाव, गाव आणि नंबर एकत्र असतात. त्याचा फोटो गटावर गेला, तर लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ लागू शकते, पाठवणाऱ्याचा हेतू चौकीला लवकर कळवण्याचा असला तरी.

रात्रपाळीचा मुद्दा वेगळा. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, रडारसमोर बसल्यासारखे काम करणाऱ्यांची नजर पहिल्या अर्ध्या तासानंतरच मंदावू लागते हे दिसले होते. पहाटे तीन वाजता, तासाभरात एखादाच खरा फोन आणि बाकी मुके किंवा खोडसाळ कॉल अशा स्थितीत माणूस जागा कसा राहणार? मोबाइल त्याला जागे ठेवतो, हे अंशतः खरे आहे. पण तो जागा राहतो मोबाइलकडे. यावरचा उपाय म्हणजे पाळीत ठरलेली विश्रांती आणि त्या वेळी खुर्चीवर बसणारा बदली माणूस. ही मनुष्यबळाची बाब आहे, म्हणूनच ती टाळून फलक लावण्याकडे कल असतो.

विमान वाहतुकीत अमेरिकेने १९८१ मध्ये एक नियम केला : उड्डाण, उतरणे आणि १० हजार फुटांखालच्या टप्प्यांत कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त काहीही बोलायचे-करायचे नाही. वर गेल्यावर मोकळीक. बंधन माणसावर नाही, टप्प्यावर आहे. नियंत्रण कक्षात टप्प्याच्या जागी खुर्ची धरता येते. हेडसेट लावलेल्या खुर्चीवर खासगी फोन नको, थरथरीवरसुद्धा नको. तो दाराबाहेरच्या कप्प्यात. विश्रांतीच्या खोलीत तो खुशाल वापरावा. घरून तातडीचा निरोप यायचा असेल, आणि लहान मुले घरी ठेवून पाळीला येणाऱ्यांसाठी हा प्रश्न खरा आहे, तर पर्यवेक्षकाच्या टेबलावरचा एक नंबर घरच्यांना देऊन ठेवावा आणि पर्यवेक्षकाने तो निरोप पोचवण्याची हमी घ्यावी. ती हमी नसेल तर पहिल्याच आठवड्यात मोबाइल चोरून आत येतील.

राहते ते अर्धे कार्यालय. ते बंद करायचे असेल तर त्यातला माल सरकारी यंत्रणेत आणावा लागतो : ध्वनिमुद्रण होणारे कार्यालयीन मोबाइल, गाडीच्या चालकाशी त्याच यंत्रणेतून बोलण्याची सोय, नेटवर्क गेल्यास वापरायला चालू स्थितीतला बिनतारी संच, आणि गावनिहाय संपर्कांची यादी. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव ही गावे पुराने वेढली गेली. अशा रात्री एकाच वेळी चार गावांतून फोन येतात आणि पोलीस पाटील, तलाठी, सरपंच यांपैकी कोणाचा नंबर लागतो यावर बरेच काही ठरते. ही यादी आज बहुधा एखाद्या जुन्या अंमलदाराच्या फोनमध्ये असते आणि त्याची बदली झाली की त्याच्याबरोबर जाते. तिला डिस्पॅचरच्या पडद्यावर, नकाशातल्या गावाच्या नावाला जोडून ठेवायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. दर सहा महिन्यांनी नंबर तपासून दुरुस्त करणारा एक जबाबदार माणूस तेवढा नेमावा लागतो.