विश्लेषण : हुकूमशहा फासावर गेला, तरी हिशेब का मिटत नाही? बगदाद, मिलान आणि वर्ध्याचा जुना प्रश्न

वर्षअखेर जवळ आली की एक धूसर चित्रफीत मोबाइलवर पुन्हा फिरू लागते. काळा कोट घातलेला, दाढी वाढलेला एक माणूस, गळ्यात जाड दोर, भोवती तोंड झाकलेले लोक. ३० डिसेंबर २००६ रोजी पहाटे बगदादमध्ये इराकचा पदच्युत अध्यक्ष सद्दाम हुसेन याला फाशी देण्यात आली. त्याच्या छळाला कंटाळलेले लोक त्या दिवशी रस्त्यावर नाचले. त्याच्या मूळ मुलखात, तिक्रितमध्ये, लोकांनी शोक केला. आणि ज्यांचा इराकशी काडीचा संबंध नव्हता, असे जगभरातले लाखो लोकही अस्वस्थ झाले. असे का झाले? याच प्रश्नाचे एक टोक आपल्या वर्ध्यापर्यंतही येते.

सद्दामच्या फाशीवर एवढा गदारोळ का झाला?

पहिले कारण दिवसाचे. इराकमधील सुन्नींची बकरी ईद त्याच दिवशी सुरू होत होती. दुसरे कारण घाईचे. ५ नोव्हेंबरला शिक्षा, २६ डिसेंबरला अपील फेटाळले आणि चार दिवसांत अंमलबजावणी. अध्यक्ष जलाल तालबानी फाशीच्या विरोधात होते, त्यामुळे आदेशावर सही पंतप्रधान नुरी अल मलिकी यांनी केली.

पण खरा घोटाळा केला तो मोबाइलने. सरकारने दाखवलेली चित्रफीत मूक होती आणि दोर गळ्यात पडेपर्यंतचीच होती. काही तासांत हजर असलेल्यांपैकी कुणी तरी चोरून टिपलेली दुसरी चित्रफीत बाहेर आली. तिच्यात आवाज होता. साक्षीदार शिया नेते मुक्तदा अल सद्र यांच्या नावाचा घोष करत होते, मरणाऱ्याला डिवचत होते आणि तो त्यांना उलट उत्तर देत होता. न्यायालयाच्या निकालाची अंमलबजावणी म्हणून जे दाखवायचे होते, ते टोळीने घेतलेल्या सुडासारखे दिसले. खुद्द अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांनाही पुढे ही फाशी सुडासारखी दिसली, असे कबूल करावे लागले. ज्याने हजारोंना मारले, तो शेवटच्या दोन मिनिटांत सगळ्यांत शांत माणूस वाटला. त्याच्या समर्थकांना यापेक्षा मोठी देणगी कुणी दिली नसती.

मग न्याय कुणाला मिळाला?

दुजैल गावातल्या १४८ शिया पुरुष आणि मुलांच्या कुटुंबांना. १९८२ मध्ये सद्दामवर तिथे हल्ल्याचा प्रयत्न झाला, त्याचा सूड म्हणून त्यांना मारले गेले. फाशी या एकाच खटल्यात झाली.

कुर्दांचा खटला मात्र अर्धवट राहिला. १९८८ च्या ‘अनफाल’ मोहिमेत गावेच्या गावे नष्ट झाली. मृतांचा आकडा कुर्द संघटना १ लाख ८२ हजारांपर्यंत सांगतात, इतर अंदाज त्याहून कमी आहेत. त्याच वर्षी १६ मार्चला हलब्जा शहरावर विषारी वायू सोडण्यात आला, त्यात सुमारे पाच हजार माणसे गेली. अनफालचा खटला ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झाला होता. साक्षी चालू असतानाच मुख्य आरोपी फासावर गेला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याच्यावरचे आरोप रद्द करावे लागले. आदेश कुणी दिला, कागदावर काय होते, हे सद्दामच्या तोंडून वदवून घेण्याची कुर्दांची संधी त्या दोरासोबत गेली. त्यामुळे कुर्द भागात आनंदाइतकीच चडफडही होती. या सगळ्या प्रकरणातली सर्वांत गंभीर तक्रार हीच, आणि ती सर्वांत कमी ऐकली गेली.

भारतात सूर वेगळा का लागला?

आपल्याकडे सहानुभूतीचा सूर जास्त होता. तत्कालीन परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी निराशा व्यक्त केली, डाव्या पक्षांनी निषेध केला, काश्मीरसह काही ठिकाणी निदर्शने झाली. इराक हा तेल देणारा जुना मित्र, ही एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे २००३ चे आक्रमण. वाजपेयी सरकारच्या काळात लोकसभेने त्याविरुद्ध ठराव केला, तेव्हा हिंदीत ‘निंदा’ हा शब्द वापरून सगळ्या पक्षांचे एकमत साधले गेले होते. थोडक्यात, राग फाशी देवविणाऱ्यावर होता. फाशी जाणाऱ्याने काय केले होते, ते मागे पडले. हलब्जाचे नाव आपल्या चौकातल्या चर्चेत फारसे आलेच नाही.

जमावाच्या हाती दिले तर?

इटलीने ते करून पाहिले. जुलै १९४३ मध्ये सत्तेवरून दूर झालेल्या मुसोलिनीला २८ एप्रिल १९४५ रोजी गोळ्या घालण्यात आल्या आणि दुसऱ्या दिवशी मिलानच्या लोरेतो चौकात त्याचा मृतदेह उलटा टांगला गेला. लोक थुंकले, लाथा मारल्या. चौक उगाच निवडलेला नव्हता. ऑगस्ट १९४४ मध्ये तिथेच १५ बंदी बंडखोरांना गोळ्या घालून त्यांचे देह उन्हात टाकून ठेवले होते. राग समजण्यासारखा आहे. पण वर्षभरातच मुसोलिनीच्या अनुयायांनी त्याचा देह कबरीतून पळवला. तो सापडला, पुढे ११ वर्षे गुप्त जागी ठेवला गेला आणि १९५७ मध्ये कुटुंबाला मिळाला. प्रेदाप्पिओ गावातल्या त्या कबरीवर आजही चाहते जातात.

कसाबला २०१२ मध्ये येरवडा तुरुंगाच्या आवारातच का पुरले, हे यावरून कळते. सरकारे मृतदेहाला घाबरतात.

यात वर्धा कुठून आले?

२३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी हिटलरला मित्र असे संबोधून एक छोटे पत्र लिहिले. युद्ध टाळू शकणारे आज तुम्हीच एकटे आहात, असा त्याचा आशय. पत्रावर ठिकाण आहे वर्धा. ब्रिटिश सरकारने ते पुढे जाऊ दिले नाही आणि पाच-सहा आठवड्यांत युद्ध पेटले. २४ डिसेंबर १९४० चे दुसरे, मोठे पत्रही वर्ध्याचेच. या पत्रांना भाबडेपणा म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत, आणि हिटलरबाबत ते चुकीचे म्हणता येणार नाहीत. पण त्यामागे एक ठाम भूमिका होती. १९३७ मध्ये ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी लिहिले होते की, देहान्ताची शिक्षा अहिंसेत बसत नाही, खुन्यालाही सुधारण्याची संधी मिळायला हवी.

या भूमिकेची परीक्षा पुढे स्वतःच्या घरातच झाली. नथुराम गोडसे हुकूमशहा नव्हता, पण प्रश्न तोच होता : ज्याने सर्वांत मोठा घाव घातला, त्याचे काय करायचे? हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात आणि नागपुरात निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली होती. सुडाचे रूप मराठी माणसाने जवळून पाहिले होते. अशा वेळी गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी फाशी रद्द करण्याची विनंती केली. नागपूरला राहणाऱ्या रामदास यांनी मे १९४९ मध्ये गोडसेला पत्रही लिहिले. विनोबा भावे आणि किशोरलाल मश्रुवाला या वर्ध्यातल्या दोघांना सोबत घेऊन त्याला तुरुंगात भेटावे, त्याच्याशी बोलावे, अशी त्यांची इच्छा होती. ती भेट झाली नाही. गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी दया दाखवली नाही आणि १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला तुरुंगात गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली.

नेहरू, पटेल, राजाजी हे तिघेही गांधीजींचेच. त्यांना राज्य चालवायचे होते. रामदास यांना वडिलांचा शब्द पाळायचा होता. दोन्ही बाजूंना आपापले कारण होते, हे मान्य करावे लागते.

न मारले तर धोका नाही का?

आहे. एल्बा बेटावरून नेपोलियन १८१५ मध्ये परत आलाच. युगांडाचा इदी अमीन तर खटल्याविनाच सौदी अरेबियात निवांत राहिला आणि २००३ मध्ये तिथेच वारला. जिवंत ठेवणे आणि मोकळे सोडणे यांत मात्र फरक आहे. रोमानियाने २५ डिसेंबर १९८९ रोजी चाउसेस्कू पती-पत्नीला तासाभराच्या खटल्यानंतर गोळ्या घातल्या आणि पुढच्याच महिन्यात देहान्ताची शिक्षाच रद्द केली.

आता हा प्रश्न शेजारी

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी ढाक्यातील न्यायाधिकरणाने बांगलादेशच्या पदच्युत पंतप्रधान शेख हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा सुनावली. विद्यार्थी आंदोलनात मुले गमावलेली कुटुंबे त्या निकालाची वाट पाहत होती. निकाल ऐकताच अनेकांनी जल्लोष केला, तर हसीना यांच्या पक्षाने खटलाच राजकीय असल्याचे म्हटले. त्या ५ ऑगस्ट २०२४ पासून भारतात आहेत. ढाक्याने त्यांना परत मागितले आहे. दोन्ही देशांत २०१३ चा प्रत्यार्पण करार आहे. त्यात राजकीय गुन्ह्यासाठी नकार देण्याची सोय आहे, पण खुनासारखे गुन्हे त्या सवलतीतून वगळलेले आहेत. निकालाच्या दिवशी दिल्लीने इतकेच सांगितले, की निकालाची नोंद घेतली आहे.