संगणकावर इंटरनेट लागत नसेल तर काय बघावे?



आमच्या घरी एक जुना संगणक आहे. मामाने नवा घेतला तेव्हा हा आम्हाला दिला. मागच्या महिन्यात एके दिवशी संध्याकाळी त्यावर इंटरनेट लागेना. माझ्या ताईची दहावी झाली आहे. तिला वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता आणि त्या दिवशी शेवटची तारीख होती. तिचे सगळे दाखले संगणकातच होते. ताई रडकुंडीला आली. बाबा म्हणाले, "कंपनीवाल्यांनीच बंद केलं असणार." दादा म्हणाला, "हिनेच काल गेम खेळून बिघडवला." मी गेम खेळले होते हे खरे, पण बिघडवला नव्हता.

तेव्हा आबा म्हणाले, "भांडता काय? शेतात पाणी पोचलं नाही तर आपण मोटारीपासून पाटाच्या कडेने चालत जातो. जिथवर पाणी दिसतं तिथवर ठीक. पुढं कुठंतरी फुटलेलं असतं. तसं बघा की!" मग आम्ही तसेच बघितले. ते क्रमाने सांगते.

१) पेटी बघावी. खांबावरून घरात जी वायर येते तिच्यात केसासारखा काचेचा धागा असतो. त्यातून उजेड पळत येतो. म्हणून ती वायर कधी मुडपू नये. पेटीवर बारीक दिवे असतात. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लागला तर बाहेरून उजेडच येत नाही असे समजावे आणि कंपनीला फोन करावा. आमचा लाल नव्हता.

२) मोबाइल बघावा. आधी मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा, नाहीतर फसगत होते. मग तो पेटीच्या वायफायला जोडावा. आमच्या मोबाइलवर गाणे लागले. म्हणजे पेटीपर्यंत सगळे ठीक होते.

३) पेटीपासून संगणकापर्यंतची वायर बघावी. ती काढून टक् असा आवाज येईपर्यंत परत बसवावी. लॅपटॉप असेल तर विमानाचे चिन्ह चुकून चालू झाले आहे का तेही बघावे.

४) पेटी बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावी. संगणकही बंद करून चालू करावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. आमचे झाले नाही.

५) पडद्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. आम्ही सगळे "नेट नाही, नेट नाही" म्हणत होतो, पण पडद्यावरचे कुणी वाचलेच नव्हते. ते इंग्रजीत होते. त्यातला 'क्लॉक' हा शब्द मला येत होता. क्लॉक म्हणजे घड्याळ. त्या आठवड्यात फळ्यावर वार व दिनांक लिहायची पाळी माझी होती. म्हणून मी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघितली. तिथे १ जानेवारी २०१० होती! मी ओरडले, "अगं ताई, तेव्हा तर मी जन्मलेपण नव्हते!"

आता तारखेचा आणि इंटरनेटचा काय संबंध? ताईने मला असे समजावले. एसटीच्या पासावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते. तसाच प्रत्येक साइटजवळ एक दाखला असतो. संगणक त्यावरच्या तारखा तपासतो. आता कंडक्टरच्याच घड्याळात जुनी तारीख असेल तर तो चांगल्या पासालाही नाही म्हणेल. आमच्या संगणकाचे तसेच झाले होते. इंटरनेट येत होते, पण संगणक साइट उघडू देत नव्हता.

ताईने तारीख आणि वेळ नीट केली आणि लगेच साइट उघडली. रात्री दहाच्या आत अर्ज गेला.

पण तारीख मागे गेलीच कशी? संगणकात एक गोल चपटा सेल असतो. लाइट गेली तरी त्याच्यावर आतले घड्याळ चालते. काही वर्षांनी तो संपतो. आदल्या रात्री लाइट गेली होती, तेव्हा घड्याळ बंद पडले. दुसऱ्या दिवशी बाबांनी संगणकाचा प्लग काढून तो सेल बाहेर काढला. त्यावर सीआर २०३२ लिहिले होते. मी पट्टीने मोजला तर बरोबर २ सेंटिमीटर रुंद भरला. २० म्हणजे २० मिलिमीटर रुंदी आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. हा सेल लहान मुलांच्या हाती देऊ नये. गिळला तर जिवाला धोका असतो. तो बदलायचे कामही मोठ्यांनीच करावे.

दादा मला "चुकलं" म्हणाला नाही, पण नवा सेल आणायला सायकलवर मलाच बरोबर नेले.

ताईचे नाव वसतिगृहाच्या यादीत लागले आहे.

म्हणून मित्रांनो, काही बंद पडले तर आधी कुणाला बोल लावू नये. एका टोकापासून क्रमाने बघत जावे आणि लिहिलेले असेल ते वाचावे.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी