डब्यातली हवा

ॲपलच्या मॅक मिनी या छोट्या संगणकाच्या माहितीपत्रकात अगदी तळाशी, वजन-मापांच्या आसपास, एक ओळ असते: यंत्र चालवताना भोवतालचं तापमान 10 ते 35 अंश सेल्सिअस असावं. कॅलिफोर्नियात बसून ती लिहिणाऱ्याला 35 हा आकडा चांगला ऐसपैस वाटला असणार. चंद्रपूरचा माणूस मे महिन्यात सकाळचा दुसरा चहा होईतो तो ओलांडून पुढे गेलेला असतो.

आपल्याकडे या दुखण्यावर एक बिनखर्चाचा इलाज होता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला टॉवर टेबलाखाली असायचा. उन्हाळा लागला की त्याचा एका बाजूचा पत्रा काढून पलंगाखाली सरकवायचा आणि उघड्या अंगावर टेबलफॅन सोडायचा. आत पाल शिरू नये, एवढीच काय ती काळजी. त्या टॉवरच्या पोटात चाळीसेक लिटर जागा असे आणि तिच्यात बहुतेक हवाच. हार्डडिस्कचे चार कप्पे, भरलेला एक. रॅमच्या खाचा चार, भरलेल्या दोन. त्या रिकामपणाचे आपण पैसे मोजलेत हे कुणाच्या ध्यानातही नसे. पण उष्णता वाहून जायची ती तिथूनच, आणि पगारवाढ झाल्यावर आणलेला नवा भाग येऊन बसायचा तोही तिथेच.

छोटा संगणक विकणारा नेमकी ती हवा काढून घेतो. म्हणूनच डबा लहान दिसला की गिऱ्हाईक दोन प्रश्न एका दमात विचारतं: "गरम होतो का हो?" आणि "पुढे वाढवता येईल ना?" मॅक मिनीच्या वीस वर्षांत या दोन प्रश्नांची जोडी कधी फुटली नाही. दोघांची उत्तरं मात्र फार चमत्कारिक पद्धतीने बदलत गेली.

11 जानेवारी 2005 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला मिनी दाखवला. साडेसोळा सेंटिमीटरचा चौकोन, उंची पाच सेंटिमीटर, किंमत 499 डॉलर. स्क्रीन, कीबोर्ड, माउस ज्याचा त्याने आणायचा. एकूण आकार जेमतेम 1.4 लिटर, म्हणजे दुधाच्या तीन अर्धा लिटरच्या पिशव्यांहूनही कमी. आत पॉवरपीसी जी4 प्रोसेसर, रॅमची एकच खाच आणि तिच्यात 256 एमबी. वीज बदलणारा भाग तापतो फार, म्हणून तो विटेएवढ्या पांढऱ्या ठोकळ्यात घालून बाहेर ठेवलेला, जशा आपण चपला दाराबाहेर काढतो.

डब्याला बाहेरून एकही स्क्रू दिसत नव्हता. तो उघडायचा तर रंगारी लांबी भरायला वापरतात तसली पातळ पत्ती तळाच्या फटीत घुसवायची, धीर करून उचकायचं, आणि 'खाट्' आवाज झाला की काही मोडलं नाही असं स्वतःला सांगायचं. गंमत म्हणजे कंपनीचे अधिकृत दुरुस्तीवालेही तीच पत्ती वापरत. लोकांनी पत्त्या आणल्या आणि रॅम वाढवली. 2006 साली आत इंटेलचा प्रोसेसर आला तो सॉकेटमध्ये बसवलेला होता, तेव्हा हौशी मंडळींनी तो उपटून जास्त ताकदीचा कोअर टू ड्युओ बसवायला सुरुवात केली. कंपनीने आशा दिली नव्हती, पण दार नीट लावायचं तिच्याकडून राहून गेलं होतं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण या घराण्याचं पंख्याशी जुनं वाकडं आहे. जॉब्स यांना पंख्याची घरघर खपत नसे. 1980 साली आलेल्या ॲपल थ्रीमध्ये म्हणूनच पंखा नव्हता. उष्णता बाहेर काढायचं काम जाडजूड ॲल्युमिनियमच्या बैठकीवर सोपवलं होतं. यंत्र तापे, निवे, पुन्हा तापे, आणि त्या फुगण्या-आकसण्यात चिपा आपापल्या सॉकेटमधून हळूहळू वर सरकत. त्यावर ग्राहकांना सांगितलेला इलाज संगणकाच्या इतिहासात अजरामर आहे: यंत्र टेबलावरून काही इंच उचला आणि सोडून द्या. आदळण्याने चिपा पुन्हा जागेवर बसत. रेडिओच्या डोक्यावर थाप मारणारे आपले वडील या शास्त्रात फार मागे नव्हते.

वीस वर्षांनी तोच हट्ट जास्त देखणा होऊन परत आला. जुलै 2000 मध्ये पॉवर मॅक जी4 क्यूब निघाला: पारदर्शक ॲक्रिलिकच्या पेटीत तरंगणारा आठ इंची ठोकळा, पंखा नाही. त्याची युक्ती आपल्या चुलीवरच्या धुराड्याची होती. आतला भाग तापला की गरम हवा माथ्यावरच्या जाळीतून वर निघून जाई आणि खालून गार हवा आपसूक ओढली जाई. यंत्र पालथं करून तळाची मूठ दाबली की ती वर येई, आणि मग विहिरीतून पोहरा काढावा तसं सगळं आतडं एका ओढीत बाहेर. रॅमला तीन खाचा होत्या, ग्राफिक्स कार्डही बदलता येई. इतक्या प्रेमाने उघडणारा छोटा संगणक मला तरी दुसरा ठाऊक नाही. पण 450 मेगाहर्ट्झच्या त्या यंत्राची किंमत होती 1799 डॉलर, आणि वर्षभरात कंपनीने ते थांबवलं. आता एक क्यूब न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. ज्यांच्या घरी राहिले त्यांनी पुढे बाहेरच्या कंपन्यांची वेगवान प्रोसेसर कार्डं आणून बसवली. ती तापत, म्हणून मग पंखाही लागे. आणि पंख्यासाठी तळाशी जागा मुळातच सोडलेली होती! हट्ट मालकाचा असेल, पण आतल्या कुठल्या तरी इंजिनिअरने शहाणपणा करून ठेवला होता.

मिनीत मात्र पहिल्यापासून पंखा आहे, आणि हा डबा टिकण्याचं मोठं श्रेय मी त्याला देतो.

माझ्याकडे आहे तो 2012 चा, सेकंडहँड घेतलेला. 2010 मध्ये मिनीची काया बदलली होती: ॲल्युमिनियमच्या एका तुकड्यातून कोरलेली, 19.7 सेंटिमीटर चौरस, उंची फक्त 3.6. वीज बदलणारी ती वीट आत आली. गणित मांडलं तर जागा तीच भरते, 1.4 लिटर. पोळीचा गोळा दाबून लाटला इतकंच. मी तो आणला आणि दिवाणखान्यातल्या शोकेसच्या कोनाड्यात बसवला. आईने दुसऱ्या दिवशी त्यावर क्रोशाचा पांढरा रुमाल घातला. आमच्या घरात टीव्ही, मिक्सर, टेलिफोन या सगळ्यांना रुमाल होता, हा एकटाच उघडा का, हा तिचा प्रश्न रास्त होता.

एप्रिलमध्ये एक व्हिडिओ दुसऱ्या स्वरूपात बदलायला लावला आणि कोनाड्यातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी रुमालावर आळ घेतला. आई म्हणाली, "एवढ्या जाळीच्या रुमालाने काय होतंय? हात लावून बघ तरी." पाहिलं तर खरंच, या मिनीच्या माथ्याला एकही भोक नाही. तो हवा आत घेतो तळाच्या गोल झाकणाच्या कडेच्या फटीतून आणि बाहेर सोडतो मागच्या लांबट खाचेतून. मागे चार बोटांवर शोकेसची फळी होती. तो सोडलेला उच्छ्वास पुन्हा स्वतःच्याच नाकात घेत होता. दोष कोनाड्याचा होता, म्हणजे माझा.

वर्तमानपत्र पसरून तो पालथा केला. तळाच्या काळ्या झाकणाला दोन अंगठ्यांसाठी दोन खोलगट जागा आहेत. दाबून डावीकडे फिरवायचं, ठिपका ठिपक्यासमोर आला की झाकण बरणीसारखं हातात येतं. स्क्रूड्रायव्हर नाही, पत्ती नाही. समोर एकावर एक झोपलेल्या दोन रॅमच्या पट्ट्या आणि शेजारी तळहाताएवढा पंखा. पंख्याच्या मागे हीटसिंकची पितळी रंगाची बारीक पानं, आणि त्यांच्यावर करड्या धुळीचा लोकरीसारखा थर, चिमटीत धरला तर अखंड निघेल असा. तो काढला. चार जीबीच्या जागी सोळा जीबी रॅम घातली. हार्डडिस्क काढून एसएसडी घालायला मात्र घामटं निघालं, कारण तिच्यासाठी पंखा, अँटेनाची जाळी असं सगळं सोडवावं लागतं. संध्याकाळी यंत्र पुन्हा उभं राहिलं ते दुसरं यंत्र होतं.

त्या पानांवर धूळ बसली की एवढं काय बिघडतं? चार कोअरच्या त्या प्रोसेसरला 45 वॅटपर्यंत उष्णता टाकायची मुभा आहे. आकडा छोटा वाटतो. पण ती निघते अंगठ्याच्या नखाएवढ्या, साधारण 160 चौरस मिलिमीटरच्या तुकड्यातून. हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ 200 चौरस सेंटिमीटर धरला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाच वॅट येतात. या चिपेचा हिशेब येतो 28. इस्त्रीच्या पाचपट दाहक वस्तू आपण पुस्तकाएवढ्या डब्यात घालून शोकेसमध्ये ठेवतो. तिथून उष्णता पानांपर्यंत नेते ती हीट पाइप नावाची बंद तांब्याची नळी. तिच्यात थोडं द्रव असतं. ते गरम टोकाला उकळून वाफ होतं, गार टोकाला झाकणावरच्या वाफेसारखं निवतं आणि परत झिरपत येतं. पण पानांमधून हवा गेली नाही तर वाफ निवणार कुठे? मग पंखा पळतो. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त गरगरावं लागतं, म्हणून शिट्टी. तेही पुरलं नाही की शंभर अंशांच्या थोडं पुढे प्रोसेसर स्वतःच पाय आखडता घेतो. जळत नाही. नुसता मंदावतो, आणि आपल्याला वाटतं यंत्र म्हातारं झालं.

हा 2012 चा डबा मिनीच्या इतिहासातला सर्वांत मोकळ्या मनाचा. ऑक्टोबर 2014 मध्ये जो आला त्याची रॅम बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली होती आणि चार कोअरचा पर्यायही गायब झाला होता. बाहेरून जुळा भाऊ, आतून कुलूपबंद. त्यानंतर चार वर्षं नवा मिनी नाही. जुन्या 2012 च्या मिनीला त्या काळात सेकंडहँड बाजारात जो मान मिळाला तो पाहून वाटे, हा संगणक आहे की हापूसची पेटी.

याच सुमाराला कंपनीचं मोठं यंत्रही अडकलं होतं. 2013 चा मॅक प्रो म्हणजे काळं नळकांडं. मधोमध धातूची त्रिकोणी नळी, तिच्या एका बाजूला प्रोसेसर, दोन बाजूंना ग्राफिक्स, वर एकच पंखा. तिन्ही बाजू सारख्या तापतील यावर सगळी मदार. जग मात्र एकाच दांडग्या, भडकून तापणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे वळलं आणि ते या त्रिकोणात मावेना. एप्रिल 2017 मध्ये कंपनीचे वरिष्ठ अधिकारी क्रेग फेडरिगी यांनी पत्रकारांसमोर कबूल केलं की उष्णतेच्या बाबतीत आम्ही स्वतःलाच कोपऱ्यात कोंडून घेतलं. एवढ्या मोठ्या कंपनीने इतकं सरळ बोलावं याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, आजही वाटतं.

2018 चा गडद राखाडी मिनी सहा कोअरपर्यंत जाई, जास्तीत जास्त 122 वॅट ओढे, आणि त्याची रॅम पुन्हा पट्ट्यांची झाली. बदलायला बोर्ड बाहेर काढावा लागे, पण 64 जीबीपर्यंत जाता येई. एसएसडी पक्कीच. चिंता आणि आशा दोघीही एकदम वाढल्या, आणि दोघींचं ते शेवटचं एकत्र दर्शन होतं.

10 नोव्हेंबर 2020 रोजी कंपनीने आपली स्वतःची एम1 चिप त्याच 1.4 लिटरच्या डब्यात घातली. कमाल वीज: 39 वॅट. 122 वरून 39! पंखा होता, पण फिरतोय की नाही हे कान लावून पाहावं लागे. आत बोर्ड इतका छोटा झाला की डबा बराचसा रिकामाच. पण ही हवा टॉवरमधल्या हवेसारखी कामाची नव्हती. तिच्यात काही घालायला खाचच नाही. रॅम चिपेच्या कुशीत, एकाच पॅकेजमध्ये बसवलेली. अंतर कमी म्हणून वेग जास्त, वीज कमी, उष्णता कमी. गार राहण्याचं एक कारण आणि वाढवता न येण्याचं कारण एकच आहे. कंपनीला फक्त लबाड ठरवणाऱ्यांचं मला म्हणूनच पटत नाही, आणि हे सगळं निव्वळ अभियांत्रिकीपोटी झालं म्हणणाऱ्यांचंही. कारण ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या एम4 मिनीचा भारतातला तेव्हाचा दर पाहा. 16 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी: 59,900 रुपये. एसएसडी दुप्पट: 79,900. रॅम आणखी आठ जीबी: 99,900. एकेक पायरी वीस हजारांची, आणि ती चढायची पहिल्याच दिवशी. पूर्वी आशा खाचेत असे, आता ती बिलात असते.

एक फट मात्र राहिली आहे. एम4 मिनीची एसएसडी छोट्या सुट्या बोर्डावर आहे. ती सर्वसाधारण एसएसडी नव्हे, पण हुशार लोकांनी तिच्या जोडीची मोठी बोर्डं बनवली आहेत. बदलल्यावर दुसरा मॅक जोडून यंत्र पुन्हा जिवंत करावं लागतं. लांबीची पत्ती पुन्हा हातात आली म्हणायची. ज्यांना एवढी उस्तवार नको ते बाहेरून थंडरबोल्टने एसएसडी जोडतात, डब्याखाली डॉक ठेवतात. पाहता पाहता टेबलावर एवढे डबे होतात की त्या टॉवरची आठवण यावी.

भाचीने संगीताच्या रेकॉर्डिंगसाठी गेल्या वर्षी एम4 घेतला. 12.7 सेंटिमीटरचा चौकोन, पाच सेंटिमीटर उंच, 0.8 लिटर. विकत घेण्याआधी तिने मला तेच दोन प्रश्न विचारले. पहिल्याला मी नाही म्हटलं, दुसऱ्यालाही नाही. तिने मग 24 जीबीचा घेतला आणि मायक्रोफोनच्या शेजारी ठेवला. आवाजच नाही. आईने परवा कपाटातून तो जुना क्रोशाचा रुमाल काढला आणि नातीच्या यंत्रावर घातला. तो आता मोठा होत होता, चारी बाजूंनी टेबलापर्यंत लोंबत होता. मी काही बोलणार नव्हतो, मागच्या वेळची चूक लक्षात होती. मग आठवलं की या मिनीत हवा आत जाते तीही आणि बाहेर येते तीही, तळाच्या पायापाशीच. रुमाल उचलला. आई म्हणाली, "पुन्हा रुमालच का?"

"या वेळी रुमालच," मी म्हटलं.