लसीकरणोत्तर हृदयदाह आणि हृदयाचे एमआरआय

लसीकरण कार्यक्रमाचे यश केवळ दिलेल्या मात्रांच्या संख्येवरून ठरत नाही. दुर्मीळ दुष्परिणामांचे अचूक निदान व नोंद करणारी यंत्रणाही तितकीच आवश्यक असते. कोविड-१९ प्रतिबंधक एमआरएनए लसींनंतर आढळलेला हृदयस्नायूंचा दाह, म्हणजेच मायोकार्डायटिस, हे याचे ठळक उदाहरण होय.

२०२१ च्या पूर्वार्धात इस्रायल व अमेरिकेत असे रुग्ण आढळले. फायझर व मॉडर्ना यांच्या लसींच्या दुसऱ्या मात्रेनंतर, बहुधा आठवडाभरात, प्रामुख्याने किशोरवयीन व तरुण पुरुषांना छातीत दुखू लागले.

निदानाची सुरुवात ईसीजी व रक्तातील ट्रोपोनिनच्या चाचणीने होते. ट्रोपोनिन वाढल्यास हृदयपेशींना इजा झाल्याचे कळते. तिचे कारण मात्र कळत नाही. सौम्य दाहात इकोकार्डिओग्राफीही सामान्य असू शकते. ऊतीचा तुकडा काढून तपासणे जोखमीचे ठरते. अशा वेळी हृदयाचे एमआरआय उपयुक्त ठरते. २००९ मधील ‘लेक लुईस निकष’ २०१८ मध्ये सुधारण्यात आले. त्यांनुसार टी-२ प्रतिमेत स्नायूंची सूज आणि टी-१ वा गॅडोलिनियम प्रतिमेत ऊतीची हानी, असे दोन्ही पुरावे मिळाल्यास निदान बळकट होते.

तथापि, या चाचणीला मर्यादा आहेत. दाह लसीमुळे की विषाणुसंसर्गामुळे, हे केवळ प्रतिमेवरून ठरत नाही. त्यासाठी लक्षणांचा कालक्रम व अन्य चाचण्या विचारात घ्याव्या लागतात. शिवाय ही तपासणी खर्चिक असल्याने सरसकट करणे व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. प्राथमिक चाचण्यांतून संशय बळावलेल्यांनाच ती उपलब्ध करून देणे, हाच मर्यादित साधनांचा योग्य विनियोग होय. काही रुग्णांत हृदयाचे कार्य पूर्ववत झाल्यावरही एमआरआयमध्ये व्रणसदृश खुणा महिनोन्महिने दिसतात; म्हणून पाठपुरावा महत्त्वाचा ठरतो.

अचूक निदानामुळे जोखमीचे मोजमाप होते आणि त्यावर धोरण आखता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वीडनने तरुणांसाठी मॉडर्ना लसीचा वापर थांबविला, परंतु लसीकरण चालू ठेवले.

भारतात मुख्यत्वे कोविशील्ड व कोवॅक्सिन या अन्य तंत्रांवर आधारित लसी दिल्या गेल्या. तथापि, जून २०२२ मध्ये पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लसीस आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. त्यामुळे हा विषय भारतालाही परका नाही. लसीकरणोत्तर प्रतिकूल घटनांची, म्हणजे ‘एईएफआय’ची, नोंद व कारणमीमांसा करणारी व्यवस्था देशात आहे. तिला निदानसुविधांची जोड मिळाल्यास लसीकरणावरील लोकविश्वास दृढ होईल.